‘कुणाला सांगणार नाही ना, ताई?’

संमतीचं वय सोळा असावं की अठरा, हा वाद गेली दोन-तीन वर्षं पुन्हा तापला आहे. २०२३ मध्ये विधी आयोगाने २८३ व्या अहवालात ते अठराच ठेवावं असं सांगितलं. २०२५ मध्ये ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडलं की सोळा ते अठरा वयातल्या मुलामुलींचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळावेत. केंद्र सरकारने त्याला विरोध केला. हा वाद महत्त्वाचा आहे आणि तो न्यायालयात, संसदेत नीट लढला जायला हवा. पण त्याची एक फांदी गावपातळीवर काम करणाऱ्या आम्हा लोकांच्या बैठकांत आणि प्रशिक्षणांत पसरली आहे, आणि तिथे तो फार वाईट तऱ्हेने लढला जातो. तिथला प्रश्न असा असतो: सोळा-सतरा वर्षांची मुलगी कार्यकर्तीला विश्वासात घेऊन सांगते की तिला दिवस गेलेत. अठराखालच्या मुलामुलींना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मग कार्यकर्तीने काय करावं? एक गट म्हणतो, कायदा स्पष्ट आहे, कळवा आणि मोकळ्या व्हा. दुसरा म्हणतो, कायद्यापेक्षा मुलीचा विश्वास मोठा, तोंड बंद ठेवा. दोन्ही बाजूंना टाळ्या पडतात. आणि चहाच्या सुट्टीत एखादी कार्यकर्ती जवळ येऊन हळूच विचारते, "पण मॅडम, मी नेमकं करू काय?"

माझं मत आधीच सांगून टाकते. कळवायला हवं. आपल्या मनाने अपवाद काढत बसू नये. पण मुलगी तोंड उघडण्याआधीच आपण किती गुपित राखू शकतो हे तिला सांगितलेलं नसेल, निर्णय एकट्या कार्यकर्तीच्या गळ्यात टाकला असेल, आणि कळवल्यावर मुलीची साथ सोडली असेल, तर त्या कळवण्याला नीती म्हणता येणार नाही. ते स्वतःची मान सोडवून घेणं झालं. ज्याला आपण ‘नैतिक पेच’ म्हणतो त्याचा मोठा भाग त्या संध्याकाळी त्या ओसरीवर तयार होत नाही. संस्थेने आधीच्या वर्षभरात जे केलं नाही, त्यातून तो तयार होतो.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. २०१६ चा जानेवारी होता. मराठवाड्यातल्या एका गावात मी किशोरी गट घ्यायची. (मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गाव निम्मं रिकामं होतं, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर गेलेल्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल त्या कोयत्यावर फेडायची असते. गावात मागे राहतात म्हाताऱ्या आणि मुली. त्या संध्याकाळी मी सोळा वर्षांच्या एका मुलीबरोबर ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. आजी आत चुलीपाशी. मुलीने मान वर न करता विचारलं, "कुणाला सांगणार नाही ना, ताई?" मी म्हणाले, "नाही गं, बोल." एवढं म्हणायला मला क्षणही लागला नाही. मग तिने सांगितलं की चार महिने पाळी आलेली नाही. "आमचं जमलंय," म्हणाली. बोलताना ती सोललेले दाणे टरफलांच्या ढिगात टाकत होती आणि टरफलं परातीत. आमच्या दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. आजी बाहेर आली तेव्हा तिने पाहिलं.

नऊ दिवस मी ते पोटात ठेवलं. तेव्हा गर्भपाताची कायदेशीर मर्यादा वीस आठवडे होती आणि मी रोज आठवडे मोजत होते. एका ओळखीच्या नर्सला ‘असं असं असलं तर’ म्हणून विचारलं. कायदा वाचला आणि घाबरले. मुलीसाठी घाबरले होते तशी स्वतःसाठीही घाबरले होते. दहाव्या दिवशी वरिष्ठांना सांगितलं. तेही घाबरले आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. संध्याकाळी वस्तीत जीप आली. गणवेशातले दोन पोलीस, पाठोपाठ सगळी वस्ती. मुलीची रवानगी जिल्ह्याच्या बालगृहात झाली. जीपमध्ये बसताना ती आजीला म्हणाली, "ताईनंच सांगितलं." ते खरंच होतं.

चौकशीत कळलं की ज्याच्याशी तिचं ‘जमलं’ होतं तो सत्तावीस वर्षांचा होता, आणि ज्या मुकादमाची उचल तिच्या आईवडिलांच्या डोक्यावर होती त्याच्याच घरातला होता. मी त्याचं वय विचारलं नव्हतं. कोण, कुठला, तेही विचारलं नव्हतं. ‘जमलंय’ हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढे एखादा कॉलेजातला पोरगा उभा राहिला.

माझं चुकलं कुठे? पहिला गट म्हणेल, नऊ दिवस गप्प बसलीस तिथे. दुसरा म्हणेल, दहाव्या दिवशी बोललीस तिथे. मला विचाराल तर चूक "नाही गं, बोल" या तीन शब्दांत होती. जे वचन माझ्या हातात नव्हतं ते मी दिलं, कारण ते दिलं की मुलगी बोलते हे मला अनुभवाने माहीत होतं. म्हणजे तिचा विश्वास मी खोट्या नाण्याने विकत घेतला. पुढचे दोन्ही मार्ग त्याच क्षणी वाईट झाले. गप्प बसले तर मुलगी धोक्यात. बोलले तर विश्वासघात. प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात ती उदाहरणं नेहमी इथून सुरू होतात: ‘मुलीने तुम्हाला सांगितलं आहे, आता तुम्ही काय कराल?’ त्याच्या आधीच्या मिनिटाबद्दल कुणी विचारत का नाही?

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं, त्याच्या पुऱ्या जोराने. आधीच सांगितलं की ‘काही गोष्टी मला कळवाव्या लागतील’, तर मुली बोलणारच नाहीत. त्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतील, भोंदूकडे जातील, विहीर जवळ करतील. हा धोका मी हलका मानत नाही. आणि प्रश्न फक्त प्रेमप्रकरणांचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्यांचं लग्न अठराच्या आत झालं. त्यात २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. तत्त्व म्हणून मी या निकालाच्या पूर्ण बाजूने आहे. पण त्याचा अर्थ असा की आरोग्य केंद्राची पायरी चढणारी प्रत्येक अल्पवयीन गरोदर सून ही एक पोलीस केस आहे, आणि हे आता सासरच्यांनाही कळलं आहे. म्हणून त्या नोंदणीला येत नाहीत, किंवा आल्या तर सासू आशाताईच्या कानाशी लागते, "एकोणीस लिहा."

आशाताई एकोणीस लिहिते, आणि बरेचदा दयेपोटी लिहिते. पण त्या एका आकड्याने काय होतं ते पाहा. कोवळ्या वयातलं बाळंतपण जोखमीचं म्हणून नोंदलं जायला हवं, त्या मुलीच्या रक्ताकडे, वजनाकडे, रक्तदाबाकडे जास्त लक्ष जायला हवं. कागदावर एकोणीस आलं की ती जोखीम पुसली जाते, शरीरात मात्र तशीच राहते. दयेने लपवलेली गोष्ट इथे मुलीच्याच जिवावर उठते. म्हणून ‘लपवणं म्हणजे मुलीची बाजू घेणं’ हे समीकरण मला मान्य नाही. अल्पवयीन सुनांच्या बाबतीत आजचा कायदा जसा आहे तसा राबवला तर अनेक घरं मोडतील, हे मात्र खरं आहे. त्यासाठी कायद्यात बदल मागायला हवा, उघडपणे, नावानिशी. नोंदवहीत खोटं वय लिहून कायदा बदलत नाही. फक्त तो मोडण्याचं ओझं पगार नसलेल्या, मानधनावरच्या बाईच्या पेनावर येतं.

मुली बोलणार नाहीत या भीतीचं काय? काही बोलणार नाहीत, हे खरं. पण वचन मोडल्यावर किती बोलतात, याचाही हिशोब धरायला हवा. त्या जीपनंतर त्या वस्तीतल्या एकाही मुलीने मला दोन वर्षं काही सांगितलं नाही, साधं अंगावरून पांढरं जातं हेसुद्धा नाही. आणि दुसरं असं की विश्वास म्हणजे गुपितच, हे आपण कशावरून ठरवलं? मुलीला हवं असतं ते गुपित राखणारं माणूस, की तिच्या मागे उभं राहणारं? बहुतेकींना दुसरं हवं असतं. पहिलं त्या मागतात कारण दुसरं कधी मिळालेलं नसतं.

इथे जोतीराव आणि सावित्रीबाईंचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि ते सगळ्यात वजनदार उदाहरण आहे. १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर ठेवून जावं. गुप्तता हाच त्या घराचा पाया होता. ती नसती तर एक बाई आली नसती. मग फुल्यांनी जे केलं ते आपण का करू नये? माझं उत्तर असं की फुल्यांनी जे केलं ते आपण अर्धंच उचलतो. त्यांनी गुपित कुणापासून राखलं? बाईला जगू न देणाऱ्या समाजापासून. तिच्यावर अत्याचार करणाऱ्याला वाचवण्यासाठी नव्हे. आणि ते घर स्वतः गुपित नव्हतं. पुण्यात जाहीर पत्रकं लावून त्यांनी सांगितलं की असं घर आहे, या. म्हणजे तिथे येणाऱ्या बाईला काय मिळेल हे तिला आधीच माहीत होतं. त्यामागे दोन माणसांचं अख्खं आयुष्य तारण होतं: तिथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. हे सगळं ज्याच्यापाशी आहे त्याने फुल्यांचं नाव घ्यावं. माझ्यापाशी त्या ओसरीवर काय होतं? एक वही, एक फोन, आणि आठवड्याला एक भेट.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा, दोघं राजीखुशीने एकत्र. मुलगा वेगळ्या जातीचा. मुलीचा बाप पॉक्सोचा कागद हातात घेऊन त्याला तुरुंगात बसवतो. अशा वेळी कळवणारी कार्यकर्ती जातीच्या पंचांचं काम करत नाही का? अनेकदा करते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि म्हणूनच संमतीच्या वयाच्या वादात सोळा-अठराच्या टप्प्यासाठी काही वेगळी वाट असावी या मताची मी आहे. पण ती वाट कायद्याने घालून द्यायची असते. ‘हे प्रेम आहे’ आणि ‘हे शोषण आहे’ हे ठरवण्याचा अधिकार कार्यकर्तीच्या हाती दिला तर ती ते कशाने ठरवेल? तीही त्याच गावात, त्याच जातींच्या उतरंडीत वाढलेली आहे. मुलगा आपल्यातला, बरा दिसणारा, नोकरीची आशा असलेला असेल तर तिला प्रेम दिसेल. पारधी किंवा मातंग वस्तीतला असेल तर तेच तिला ‘नादी लावलं’ असं दिसेल. मी हे इतरांबद्दल बोलत नाही. मला सत्तावीस वर्षांचा मुकादमाचा माणूस कॉलेजातला पोरगा दिसला होता. एकटीच्या सद्सद्विवेकावर सोडलेला निर्णय हा बरेचदा एकटीच्या पूर्वग्रहावर सोडलेला निर्णय असतो.

आणि गप्प बसण्याची सवलत एकदा दिली की ती चांगल्या हेतूच्या माणसांपुरती थोडीच राहते? चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचारांचं प्रकरण आठवा. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती असूनही न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं बजावलं. २०२४ मध्ये बदलापूरला चिमुकल्या मुलींच्या बाबतीत शाळेच्या जबाबदार लोकांवर न कळवल्याचाच गुन्हा नोंदला गेला. कलम १९ कुणासाठी लिहिलं गेलं हे या दोन जागांवर दिसतं. संस्थांच्या भिंतींना आतला आवाज बाहेर जाऊ न देण्याची जुनी सवय आहे. त्या भिंतीला भोक पाडणारं हत्यार आपण ओसरीवरच्या एका नाजूक प्रसंगासाठी टाकून द्यायचं का?

इतकं वाचून पहिला गट खूश होईल, म्हणून आता त्यांच्याकडे वळते. ‘कायदा स्पष्ट आहे’ असं म्हणणाऱ्यांनी कायदा वाचलेला असतो का? कलम २४ म्हणतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यावा, आणि घेताना पोलीस गणवेशात नसावा. कलम २७ म्हणतं की मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने, तिच्या विश्वासातल्या माणसासमोर करावी. २०२० च्या नियमांत बाल कल्याण समितीने मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे, खटला संपेपर्यंत सोबत करणारी. म्हणजे त्या संध्याकाळी वस्तीत घुसलेली जीप आणि गणवेश हेच मुळी कायद्याच्या पोटात बसत नव्हतं. आम्ही कलम १९ ला घाबरलो आणि कलम २४ वाचलं नाही. वाचलं असतं तर मी ठाण्यात आधी जाऊन सांगू शकले असते: साध्या कपड्यांत या, महिला पोलीस पाठवा, मी बरोबर येते. कळवण्याच्या बंधनातून कायदा मला सोडत नव्हता, पण कसं कळवायचं याच्या अनेक जागा त्याने मला दिल्या होत्या. खरा विवेक त्या जागांमध्ये लागतो.

शिवाय ‘कळवलं, सुटलो’ याने काय होतं, हे २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या प्रकरणात लिहून ठेवलं आहे. चौदा वर्षांची मुलगी, पंचविशीतला माणूस. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याला सोडताना मुलींनाच संयमाचे धडे दिले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण स्वतःहून हाती घेतलं आणि त्याची दोषसिद्धी पुन्हा लागू केली. पण मग तज्ज्ञांची समिती त्या मुलीला भेटली, तिचं ऐकलं गेलं, आणि न्यायालयाने त्याला आणखी शिक्षा न देण्याचा निर्णय घेतला. कारण तोवर ती त्याच्याबरोबर संसार करत होती, पदरी मूल होतं, आणि तिला सर्वांत जास्त भोगावं लागलं ते पोलीस-कोर्टाच्या चक्रात, त्या माणसाला सोडवण्याच्या धडपडीत. समाजाने तिला नावं ठेवली, घराने टाकलं, यंत्रणेने तिला कधी खरा पर्याय दिलाच नाही. याचा अर्थ गुन्हा घडला नव्हता असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की गुन्हा नोंदवणारे हात पुष्कळ होते आणि मुलीचा हात धरणारा एकही नव्हता. मला या निकालात दोन्ही गटांची हार दिसते.

कायदा आणि न्याय एकच मानणाऱ्यांना आपल्या मुंबईतली आणखी एक जुनी गोष्ट आठवून देते. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८७ मध्ये न्यायालयाने फर्मावलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. कायदा तेव्हाही स्पष्टच होता. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. चार वर्षांनी संमतीचं वय दहावरून बारा करणारा कायदा आला, तेव्हा टिळक एका बाजूला, आगरकर-रानडे-मलबारी दुसऱ्या बाजूला, आणि वाद धर्मात परक्या सरकारने हात घालावा का यावर जास्त रंगला. आजही आपण वयाच्या आकड्यावर जितकं बोलतो तितकं त्या मुलीला उद्या सकाळी कुठे ठेवायचं, यावर बोलतो का?

सगळाच कायदा असा एका खटक्याचा नसतो, हे सांगायला एक चांगलं उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात समुपदेशकापुढचा पेच असाच होता: रुग्णाने आपला आजार जोडीदाराला सांगितला नाही तर समुपदेशकाने सांगावा का? तिथे कायद्याने पायऱ्या घातल्या. आधी रुग्णालाच सांगायला तयार करा. तो सांगणार नाही अशी खात्री पटली तर त्याला कळवा की आता मी सांगणार आहे. आणि रुग्ण बाई असेल आणि सांगितल्यामुळे तिला मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल अशी भीती असेल, तर सांगू नका. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे सुचू शकतं. गर्भपाताच्या बाबतीत २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच एक दरवाजा उघडला: अल्पवयीन मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-ओळख देण्याची गरज नाही. ही सवलत नोंदणीकृत डॉक्टरांपुरती आहे, आमच्यासाठी नाही, हे कार्यकर्तींनी नीट समजून घ्यावं. पण मुलीला वेळेत चांगल्या डॉक्टरपर्यंत नेणं हे तर आमच्या हातात आहे ना? माझे नऊ दिवस तिकडे जायला हवे होते.

मग एकटीने ठरवायचं नाही म्हणजे काय? या कामात डॉक्टर-वकिलांसारखा पाठीराखा नसतो. २०२१ च्या कायद्याने रुग्णालयांतल्या समाजसेवकांना संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत घेतलं, पण वस्तीवर फिरणाऱ्या कार्यकर्तीसाठी ना नोंदणी आहे, ना आचारसंहिता बांधील करणारी परिषद. तिची परिषद म्हणजे तिची संस्था. म्हणून संस्थेने एक कागद आधी लिहून ठेवायला हवा: अशी गोष्ट कळली तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, बाल कल्याण समितीशी कोण बोलेल, ठाण्यात कार्यकर्तीबरोबर कोण जाईल, डॉक्टर कोणते, वकील कोण, मुलीबरोबर पहिली रात्र कोण राहील. माझ्या वेळी यातलं काहीही नव्हतं, आणि माझे वरिष्ठ वाईट नव्हते. त्यांनाही कुणी विचारायला लावलं नव्हतं. जी संस्था हा कागद लिहीत नाही आणि नंतर ‘तुमच्या विवेकाने ठरवा’ म्हणते, ती कार्यकर्तीच्या विवेकाचा मान राखत नाही, त्याच्याआड लपते.

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्ती, होत्या. बालविवाह थांबवा, असं त्यांना सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी तो थांबवायचा प्रयत्न केला. १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांच्या लढ्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, देशभरच्या नोकरदार बायकांना त्यांचा आधार मिळाला. भंवरीदेवींच्या खटल्यात मात्र खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. आपल्याकडे आज बालविवाह रोखायची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे, पण पहिली खबर देते ती अंगणवाडीची ताई, जिचं घर त्याच गल्लीत असतं. ‘कळवा’ म्हणणाऱ्यांनी, कळवणारीच्या दाराशी रात्री कोण उभं राहणार, हे त्याच दमात सांगितलं पाहिजे.

आता मी नव्या गटाच्या पहिल्याच दिवशी, कुणी काही सांगायच्या आधी, मुलींना सरळ सांगते: तुमच्या बहुतेक गोष्टी माझ्यापाशीच राहतील. पण अठराच्या आतल्या कुणाशी कुणी शरीराचे संबंध ठेवलेत किंवा जबरदस्ती केली असं मला नावानिशी कळलं, तर मला ते पुढे कळवावं लागतं. मी ते तुमच्या पाठीमागे करणार नाही. आधी तुम्हाला सांगेन, आणि जिथे जावं लागेल तिथे तुमच्याबरोबर येईन. कायदा काय, डॉक्टरकडे किती दिवसांत जायचं, हे नाव न सांगता कधीही विचारा.

पहिल्यांदा हे बोलले तेव्हा खोलीत इतकी शांतता पसरली की मला वाटलं, संपलं, आता या परत येणार नाहीत. पुढच्या आठवड्यात तेवीसपैकी एकोणीस आल्या. गट संपल्यावर एक मागे रेंगाळली, चटया गुंडाळायला मदत करू लागली. दोन चटया झाल्यावर म्हणाली, "ताई, एका मुलीचं विचारायचंय. नाव नाही सांगत." मी चटई तशीच खाली ठेवली आणि म्हटलं, "नको सांगू. किती आठवडे झालेत?"